कप्तानाचं ताट

सौंसर
१७ सप्टेंबर १९८५

प्रेमलता,

पार्सल मिळालं. पोळा होऊन दोन दिवसांनी पोस्टमन देऊन गेला. आत एक जुनं पुस्तक निघालं, बाकी काही नाही. मी पुडक्याचा कागद उलटासुलटा करून पाहिला, पानं झटकली, शिवणीत बोट घालून पाहिलं. चिठ्ठी नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, बापाला एक ओळ लिहिली नाहीस, आणि आता एकदम पुस्तक? मीही लिहिली नाही हे खरं, पण मी बाप आहे. फुकटचा नमस्कार कोणी करत नाही, एवढं मला धंद्याने शिकवलं आहे.

पुस्तकाला पुठ्ठा नाही. नाव असलेलं पानही गेलेलं. ज्याने स्वतःचं नाव फाडून ठेवलं आहे त्याच्याशी जपून वागावं. इंग्रजांच्या लढाऊ जहाजाची गोष्ट आहे आणि कोणीतरी ती मराठीत आणली आहे. समुद्र मी पाहिलेला नाही आणि पाहण्याची इच्छाही नाही.

तुला माझी रीत माहीत आहे. उभ्या झाडावरचा संत्र्याचा माल घ्यायचा असला की मी बगीच्यात रस्त्याकडून शिरत नाही. मालक नेहमी रस्त्याकडची झाडं दाखवतो, आणि ती नेहमी लगडलेलीच असतात. मी मागच्या धुऱ्यावरून, बांध ओलांडून शिरतो, शेवटच्या ओळीतली चार झाडं पाहतो आणि बगीच्यात माल किती ते सांगतो. आजवर फसलो नाही. म्हणून पुस्तकाचंही शेवटचं पान आधी उघडलं.

त्या पानावर काय आहे? कप्तानाच्या खोलीत, कप्तानाच्या खुर्चीवर जहाजाचा स्वयंपाकी बसला आहे आणि कप्तानाच्या चांदीच्या ताटात जेवतो आहे. खिडकीतून किनारा दिसायला लागला आहे. संपलं. कप्तान कुठे गेला? त्या पानावर तो कुठेच नाही. ज्याचं ताट तो नाही आणि ज्याने रांधलं तो जेवतो आहे, याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. विष घातलं.

आता दुसरी गोष्ट. तुझा नवरा नौदलात जहाजावर स्वयंपाक करतो. मोहगावचा मुलगा, छिंदवाड्याला जाऊन रजिस्टर लग्न केलंत, ते सगळं मी पुन्हा काढत नाही. पण तो स्वयंपाकी, आणि सासऱ्याला हे पुस्तक पाठवतो. मला तू एकच मुलगी. घर आहे, घरामागे झाडं आहेत, ओट्यावर माझी खुर्ची आहे. अर्थ लावायला मला वकील लागत नाही.

शालिकराम, जो माझ्याबरोबर सायकलवर बगीचे पाहत हिंडतो, तो डोक्याला फडकं बांधून ओट्यावर बसला होता. आदल्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीत, नदीच्या दोन काठांवरच्या दगडफेकीत, कपाळ फोडून आला. म्हणाला, "पुंडलिकराव, बुकच तं हाये. बुक का चावते?" नदीतल्या झेंड्यासाठी ज्याला स्वतःचं कपाळ सांभाळता आलं नाही, त्याचा सल्ला मी घेत नाही.

पुस्तक मी वाचणार नाही आणि परतही पाठवणार नाही. पुरावा म्हणून कपाटात ठेवतो.

तुझी आई विचारते की कप्तान आजारी होता का. तिला म्हटलं, मला काय माहीत. तुला माहीत असल्यास कळव.

पुंडलिक

(आशीर्वाद लिहिलेला नाही. विसरलो असं समजू नये.)


सौंसर
९ ऑक्टोबर १९८५

प्रेमलता,

तुझं कार्ड आलं. "बाबा, पुस्तक मी नाही, ह्यांनी पाठवलं. पहिल्या पानापासून वाचा." एवढंच. बापाची तब्येत कशी आहे हे विचारायला कार्डावर जागा पुष्कळ होती.

म्हणजे तुझ्या नवऱ्याने पाठवलं. माझा संशय कमी झाला असं तुला वाटलं असेल तर तो वाढला आहे. मुलीने बापाला पुस्तक पाठवलं तर ती आठवण असू शकते. जावयाने पाठवलं तर काहीतरी मागणं आहे.

तरी मी वाचायला घेतलं, ते तुझ्या आईमुळे. तिने कप्तान आजारी होता की नाही हाच धोशा लावला. दुपारी जेवणं झाली की ती तांदूळ निवडत बसते आणि मी मोठ्याने वाचतो, तू असताना वाचायचो तसं. फरक एवढाच की मधेच "बाबा, हे खोटं आहे" म्हणणारं कोणी नाही. माझा मलाच वाद घालावा लागतो, आणि त्यात मजा येत नाही.

इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी सरळ कप्तान आणि स्वयंपाकी असं वाचतो. कप्तान माणूस मला पटला. कोणावर भरवसा नाही. दोर स्वतः ओढून पाहतो, दारूगोळ्याच्या खोलीची किल्ली गळ्यात घालून झोपतो. शत्रूचं जहाज दिसलं की हा शत्रूचाच झेंडा चढवून जवळ जातो, आणि अगदी खेटल्यावर तो उतरवून आपला चढवतो आणि तोफा सोडतो. ते पान मी दोनदा वाचलं. आम्हीही भाव पाडायला आधी अनोळखी माणूस पाठवतो, पण अशी सफाई नाही. लढाई लिहिणाऱ्याला लढाई कळते हे मी मान्य करतो. झेंड्यासाठी डोकी फुटलेली आपल्या भागात कोणाला नवीन नाहीत, म्हणून खोटं असतं तर मला कळलं असतं.

बाकी पुस्तक संशयास्पद आहे. वारा पडला तर जहाज जागचं हलत नाही आणि वारा सुटला तर बुडायची वेळ येते. मग माणसाने कामधंदा करायचा केव्हा? चारी बाजूंना पाणी, आणि प्यायला पिपातलं किडलेलं. अशा जागी शहाणा माणूस का जातो, हे लिहिणारा कुठेच सांगत नाही. नुसता सूर्यास्ताचं वर्णन करतो. वर्णन चांगलं आहे. तिथेच मला वाटतं की तो काहीतरी लपवतो आहे.

कप्तानाची एक सवय मला फार आवडली. त्याचं जेवण आलं की तो स्वयंपाक्याला समोर उभा करतो. "आधी तू खा." स्वयंपाक्याने एक घास खायचा, मग कप्तानाने वाट पाहायची, आणि तो जिवंत राहिला की मग स्वतः दुसऱ्या ताटात जेवायचं. तुझी आई म्हणाली, "असा जेवते कोनी? अन्न थंडं होऊन जाते." मी म्हणालो, थंड जेवलेला माणूस निदान उद्या जेवायला उरतो.

मीही असाच आहे. कोणाच्या घरचं पाणी पीत नाही, कारण पाणी प्यायलं की भिडेखातर भाव सोडावा लागतो. ही धंद्याची रीत आहे. तुझ्या लग्नाआधी मी मोहगावला त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा त्यांनी तांब्या-फुलपात्र पुढे ठेवलं आणि मी ते तसंच ठेवून उठलो. त्याचा लोकांनी भलताच अर्थ काढला. तूही काढलास. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती म्हणून मी प्यायलो नाही असं तू म्हणालीस. तसं काही नाही. मी कोणाकडेच पीत नाही.

हे मी तुझ्या आईला ऐकवलं, तर ती तांदळातून मान वर न करता म्हणाली, "अन् काल भैय्याजीच्या बगीच्यात चहा पेले ते?"

मी म्हणालो, चहा वेगळा.

"चहात का पानी नसते?"

मी पुढचं पान वाचायला घेतलं.

पुंडलिक


सौंसर
१९ नोव्हेंबर १९८५

प्रेमलता,

माझ्या घरात कट चालला आहे आणि तू त्यात सामील आहेस.

आधी संत्र्यांचं सांगतो. आंबिया बहाराचा तोडा सुरू झाला की मी बगीच्यांतून नमुन्याची फळं आणून टोपलीत ठेवतो. दिवाळीच्या आधीपासून टोपली हलकी व्हायला लागली, आणि तीही नेमकी बाजाराच्या दिवशी. तुझ्या आईला बाजाराला हल्ली फार वेळ लागतो. मेथीच्या दोन जुड्या आणायला कोणी अर्धा दिवस घेत नाही. मागच्या धुऱ्यावरून शिरायचं ठरवलं.

परवाच्या बाजारात मी तिच्या मागे मागे गेलो. ती भाजीवाल्यांकडे गेलीच नाही. बाजाराच्या टोकाला कडुलिंबाखाली एक बाई वाट पाहत होती. तुझी आई तिच्याशेजारी फतकल मारून बसली आणि पिशवीतली माझी संत्री तिच्या पिशवीत घालायला लागली. ती बाई म्हणजे तुझी सासू, शांताबाई. दोघी जन्माच्या मैत्रिणी असल्यासारख्या बोलत होत्या. मी पलीकडच्या कापडाच्या दुकानाआड उभा होतो. दुकानदाराने मला तीन वेळा विचारलं की काय दाखवू.

घरी आल्यावर मी तिला धरलं. वाटलं रडेल. ती रडली नाही, उलट माझ्यावरच उखडली.

"पोट्टीले दिवस गेले तुमच्या. आंबट खावंसं वाटून राह्यलं तिले, इथलंच संत्र पाह्यजे म्हनते. शांताबाईच्या गावचा एक पोरगा तिकडे नोकरीले हाये, त्याच्या हाती पाठवते ते. तुमाले सांगतलं असतं तं तुमी का केलं असतं? पुस्तकात पाह्यलं असतं?"

मी तिथेच खुर्चीवर बसलो. मला फार आनंद झाला, आणि तो मला तिच्यापासून लपवता आला नाही याचा राग आला.

मग ती म्हणाली की शिमग्याच्या आसपास दिवस भरतील, त्या वेळी तुझा नवरा श्रावण जहाजावर असेल, आणि त्या परक्या मुलखात तू एकटी. शांताबाई तिला म्हणाली होती, "पहिलं बाळंतपन माहेरचं असते, बाई. तुमी नाही नेलं तं आमी करू, आमाले काही जड नाही. पन पोरगी दाराकडे पाह्यून राह्यली." हे शब्द तुझ्या आईने मला दोनदा ऐकवले.

ज्या गोष्टीसाठी दोन बायका लिंबाखाली इतके दिवस खलबत करतात तिला मी एका दुपारी हो म्हणणार नाही. शिवाय आता पुस्तकाचा हेतू कळला. आधी बापाला नरम करायचं आणि मग मागणं पुढे करायचं. झेंडा एक, जहाज दुसरं.

पुस्तकाचं सांगायचं तर मी ते परवा भिंतीवर फेकलं. ऐक, का ते. जहाजावर माणसं आजारी पडतात. हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात हलतात, जुन्या जखमा उकलतात. स्वयंपाकी सांगतो की हे विष नाही, यांच्या पोटात आंबट फळ गेलेलं नाही. कप्तानाला वाटतं, हाच अन्नात काहीतरी घालतो आहे. त्याला बेड्या घालतो, फक्त रांधायला आणि ताट चाखायला सोडतो. इथपर्यंत मी कप्तानाच्या बाजूने होतो.

मग एके सकाळी बेट दिसतं. उतारावर झाडं, आणि झाडांवर संत्री. लिहिणाऱ्याने 'पिवळी धमक' असं लिहिलं आहे. सगळे खलाशी कठड्याशी येऊन उभे राहतात. स्वयंपाकी हात जोडतो की एक होडी पाठवा, मी बेड्यांसकट इथेच थांबतो. कप्तान म्हणतो, तुझी माणसं बेटावर दबा धरून बसली असतील. आणि जहाज पुढे हाकायला सांगतो.

संत्री समोर असताना. प्रेमा, ती पोरं होती. लिहिणाऱ्याने त्यांची वयं दिली आहेत. दुसऱ्या दिवसापासून एकेकाला कापडात गुंडाळून पाण्यात सोडतात. अरे, एक होडी भरून आणली असती, भाताच्या तनशीत नीट रचली असती तरी किती दिवस पुरली असती. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी पुस्तक फेकलं आणि तुझ्या आईने ते उचलून, पान न हरवता, पुन्हा माझ्या मांडीवर ठेवलं.

लिहिणाऱ्यावर माझा एक आरोप आहे. बेटावर राखण करणारं कोणी नाही आणि झाडं फळांनी वाकलेली, असं होत नाही. माकडं तरी असतील. तेवढं त्याने खोटं लिहिलं आहे.

संत्री जपून खा. सकाळी उपाशीपोटी खाऊ नकोस.

तुझे वडील


सौंसर
१२ डिसेंबर १९८५

प्रेमा,

पुस्तक संपलं. काल दुपारी.

मधे एक जागा अशी आली की मला वाटलं, धरला. मध्यरात्री स्वयंपाकी, पायातल्या बेड्या फडक्यात गुंडाळून आलेला, कसली तरी पूड कप्तानाच्या पेल्यात टाकताना सापडतो. मी तुझ्या आईकडे पाहून म्हणालो, बघ. तिने सूप खाली ठेवलं. कप्तान त्यालाच ते प्यायला लावतो, तो पितो, त्याला काही होत नाही. ती पूड मागच्या बंदरावर घेतलेल्या फळांच्या वाळवलेल्या साली कुटून केलेली होती. सगळ्यांना पुरेल एवढी नव्हती, म्हणून तो ती आजारी पोरांना आणि कप्तानाला चोरून देत होता. कप्तान जिवंत राहिला तो त्याच्यामुळे. ज्याला बेड्या घातल्या त्याच्यामुळेच.

आता शेवटचं पान. मी ते आधी वाचलं होतं आणि तुला त्याचा अर्थही कळवला होता. तो अर्थ त्याच्या आधीच्या पानावर वेगळा निघाला. कप्तान मेलेला नाही. तो बिछान्यावर आहे, दात गेलेले आहेत, उठवत नाही. स्वयंपाकी ताट घेऊन येतो आणि रोजच्यासारखा उभा राहतो. कप्तान म्हणतो, खुर्चीवर बस. तो बसतो. कप्तान म्हणतो, आधी तू खा. तो एक घास खातो आणि सवयीने थांबतो, की आता हा वाट पाहील आणि दुसरं ताट मागेल. कप्तान दुसरं ताट मागत नाही. हात लांब करून तेच ताट ओढतो आणि त्याच्या उष्ट्यातून खातो. मग थकून भिंतीकडे तोंड करतो आणि म्हणतो, उरलेलं तू संपव. तिथे पान संपतं. त्यापुढचं पान मी सप्टेंबरात वाचलं होतं.

तुझी आई पदर डोळ्याला लावून उठली आणि चुलीकडे गेली.

शेवटच्या ओळीतली झाडं पाहून बगीचा कळतो. पुस्तक कळत नाही, असं दिसतं. पण मला पुस्तक आवडलं असंही समजू नकोस. कप्तानाने इतकी पोरं पाण्यात सोडल्यावर एक ताट ओढलं तर काय मोठं केलं? लिहिणाऱ्याने त्याला फार स्वस्तात सोडलं आहे. यावर तुझ्याशी बोलायचं आहे. मी ते दुसऱ्यांदा वाचायला घेतलं आहे, या वेळी पहिल्या पानापासून.

श्रावणला वर्षअखेरीला रजा आहे आणि तुम्ही दोघं मोहगावला येणार, हे तुझ्या आईने बाजारातून आणलेलं वर्तमान आहे. मी म्हणालो, ठीक आहे, शालिकरामला पाठवतो, तो तुला सौंसरला घेऊन येईल. त्यावर ती म्हणाली, "शालिकराम का पोरीचा बाप हाये? मुऱ्हाळी म्हनून बापच जाते. अन् मुऱ्हाळी गेला का दोन घास खाऊनच पोरगी उठवते. रीत हाये ते."

रीत मला माहीत आहे. सासरी न जेवता मुलगी उठवली तर तो त्या घराचा अपमान होतो. एकदा झाला तेवढा पुरे, असं ती म्हणाली नाही, पण माझ्याकडे पाहत राहिली.

मी येतो. तारीख कळव.

तुझे बाबा


सौंसर
११ जानेवारी १९८६

श्रावणराव यांस,

तुम्हाला हे माझं पहिलं पत्र. जहाजावर केव्हा पोचेल कोण जाणे. प्रेमा बरी आहे. ओट्यावर माझ्या खुर्चीवर बसून संत्री सोलते आणि साली खाली टाकते. तुमचं पुस्तक मी तिला पुन्हा वाचून दाखवतो आणि ती मधेच "बाबा, हे खोटं आहे" म्हणते. तिच्या मते कप्तानाला क्षमा मिळायला नको होती. माझंही तेच मत होतं, पण तिने म्हटल्यावर मला कप्तानाची बाजू घ्यावी लागली.

हे पत्र तुमच्या वडिलांसाठी आहे. त्यांना थेट लिहायला मला धीर होत नाही.

मी मोहगावला आलो त्या दिवशी यशवंतरावांनी मला जयभीम केला, मी रामराम म्हणालो, आणि आम्ही त्याच खोलीत त्याच खुर्च्यांवर बसलो. प्रेमाने सांगितलं की आज स्वयंपाक तुम्ही केला आहे. तुरीच्या सोल्यांची आमटी, भाकर, वांग्याची भाजी. तुम्ही ताट माझ्यापुढे ठेवलंत आणि मागे सरून उभे राहिलात. तेव्हा मी म्हणालो, "तुम्ही बसा. आधी तुम्ही खा."

प्रेमा दाराशी होती, तिचा चेहरा मला अजून दिसतो. यशवंतराव उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "पुंडलिकराव, आमच्या घरी अन्न शिजते, विष नाही शिजत. पोराले चाखाले लावता का?"

मला पुस्तकातलं सांगायचं होतं. बगीचेवाल्यांशी दिवसभर बोलणारा माणूस मी, तिथे एक शब्द फुटेना. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग माझ्यासमोर बसलात, भाकर मोडलीत, आमटीत बुडवून एक घास खाल्लात आणि थांबलात. मी ताट माझ्याकडे ओढलं. तुम्ही मोडलेलीच भाकर उचलली. तुमच्या तोंडाचा कोपरा जरा हलला, तेवढ्यावरून मला कळलं की तुम्हाला कळलं. पुस्तक तुमचंच होतं.

पण यशवंतरावांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की हा माणूस पुन्हा आमच्या घरी आला, आमच्या पोराकडून अन्न तपासून घेतलं आणि मग जेवला. निघताना त्यांनी मला वळून निरोप दिला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही दिला नसता. तेव्हा तुम्ही त्यांना कळवा की मी तपासत नव्हतो. पुस्तक मी शालिकरामच्या हाती मोहगावला पाठवतो आहे, प्रेमाचं ऐकून झालं की लगेच. ते माझ्याच रीतीने मागून वाचतील अशी मला भीती आहे. बापमाणसं संशयी असतात. त्यांना पहिल्या पानापासून वाचायला सांगा.

तुम्ही पुस्तक का पाठवलंत हे मी प्रेमाला विचारलं. ती म्हणते, तुमच्याजवळ मराठी पुस्तक ते एकच होतं, लहानपणी वाचलेलं, त्याच्यामुळेच तुम्ही समुद्रावर गेलात. आणि तिने तुम्हाला सांगितलं होतं की घरी बाबांशी वाद घालायला कोणी उरलं नाही. एवढंच कारण. माझा पूर्ण विश्वास बसलेला नाही, पण दुसरं काही सापडतही नाही.

आमटीत मीठ बेताचं होतं आणि तिखट फार. जहाजावर सगळे असंच खातात का? मला दुसऱ्याच घासाला ठसका लागला. मी ताटाच्या उजव्या बाजूला हात नेला. तिथे तांब्या नव्हता. तुमच्यासाठी मांडलेल्या ताटाशी होता, प्रेमाच्या जागेशी होता. मी शांताबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. मागच्या वेळचं त्यांच्या ध्यानात होतं. त्यांनी माझ्यापुढे पाणी ठेवलंच नाही, म्हणजे मला ते तसंच ठेवून उठायला लागू नये. माठ समोरच होता. मी मागू शकलो असतो. कोणत्या तोंडाने मागणार होतो? सौंसरला उतरेपर्यंत मी बसमध्ये खोकत होतो. प्रेमा विचारत राहिली आणि मी धूळ आहे म्हणालो.

शिमग्याच्या सुमाराला बाळ होईल. बारशाचं बोलावणं घेऊन मोहगावला मी स्वतः जाणार आहे, शालिकरामला पाठवणार नाही. तुमच्या आईंना तेवढं आधी कळवून ठेवा. उन्हाचे दिवस असतील. आल्याबरोबर मला पाणी लागेल.

तुम्हा दोघांना माझे आणि केसरबाईचे अनेक आशीर्वाद.

पुंडलिक